हार घालता येणार नाही असा फोटो

शिक्रापूरला हमरस्त्याच्या कडेला आमची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून होती. एक माझं टेलरिंगचं आणि दुसरा हनुमंतचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत इतकी पातळ, की माझ्या मशीनची घरघर त्याच्या गिऱ्हाइकाला ऐकू जायची आणि त्याचं ‘रेडी, मान खाली, हसू नका’ मला दिवसभर ऐकावं लागायचं. काजं-बटणं करता करता कित्येकदा माझीच मान खाली जायची. फोटोत हसलेलं माणूस हनुमंतला चालत नसे. हसला की माणूस हलतो, हलला की फोटो वाया जातो, असं त्याचं शास्त्र होतं. स्वतः मात्र सकाळी शटर उघडल्यापासून खिदळत असायचा.

हनुमंत मूळचा खुटबावचा, धनगराच्या घरातला. त्याचे वडील रखमाजी मेंढरं घेऊन फिरायचे. पुढे त्यांनी मेंढरं विकली, विहीर पाडली आणि ऊस लावला. थोरला भाऊ आण्णा शेतीत रमला. हनुमंतला मात्र उसाच्या सरीत पाणी सोडायचं म्हटलं की झोप यायची. यवतला एका फोटोग्राफरच्या हाताखाली तो शिकला आणि शिक्रापूरला कारखाने यायला लागले तसा इथं येऊन बसला. माझं दुकान तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही एकमेकांचे उसने स्टूल वापरता वापरता मित्र झालो.

गिऱ्हाईक म्हणजे खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी कारखान्यातली पोरं. कुणी बीडचा, कुणी लातूरचा, कुणी थेट बिहारचा. पहिला पगार झाला की गावाकडं पाठवायला फोटो हवा, आणि फोटोत अंगावर कोट हवा. तो कोट मी शिवला होता. काळा, तीन बटणांचा, पुढून बघाल तर नवरदेवाला द्यावा असा. मागून मात्र तो मानेपासून खालपर्यंत उघडा होता आणि त्याला नाड्या लावल्या होत्या. बारीक पोरगा असला की नाड्या आवळायच्या, जाडा असला की सोडायच्या. एकाच कोटात सगळी एमआयडीसी मावली पाहिजे, ही माझी कल्पना. फोटोत पाठ दिसत नाही, त्यामुळं आमचं दोघांचं बरं चाललं होतं.

कोटामागं पडदा. तो शिरूरच्या एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून रंगवून घेतलेला. निळाशार समुद्र, काठाला नारळाची दोन झाडं, पाण्यात बदकांची जोडी आणि पलीकडे बर्फाचे डोंगर. पेंटरनं समुद्र पाहिला नव्हता, हनुमंतनं पाहिला नव्हता, मीही पाहिला नव्हता, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती. तक्रार केली ती हनुमंतच्या आईनं.

कुशाबाई खुटबावला आण्णाकडं राहायची आणि अधूनमधून धाकट्या सुनेच्या, साधनाच्या हातचं खायला शिक्रापूरला यायची. उंच, काटक बाई. आण्णानं मेंढरं ठेवायची नाहीत म्हटलं, तरी हिनं चार मेंढ्या हट्टानं दावणीला ठेवलेल्या. पहिल्यांदा स्टुडिओत आली तेव्हा पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

“ह्यो समुद्र?” ती म्हणाली. “ह्यो तर पाझर तलाव हाय. बदकं कुठं आस्त्यात रं समुद्रात?”

“मावशी, तुम्ही कुठं पाहिला समुद्र?” मी विचारलं. मला वाटलं टीव्हीवर पाहिला असेल.

“पाह्यला? आरं टेलर, मी त्येच्या उशाला झोपलीया. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन आमी वरंध्याच्या घाटानं खाली कोकणात उतरायचो. भाताच्या खाचरात मेंढरं बसवायची, लेंडीखत पडायचं, त्येच्या बदली कुळवाडी भात द्यायचा. पार समुद्रापस्तोर जायचो. तिथं एक खडक हाय. मदी भोक हाय त्येला. पानी चढलं की फसकन शिंकतो. आमी त्येला शिंकऱ्याच म्हनायचो. ह्यो हनमा पोटात व्हता तवा शेवटचं गेलो. मला आन् सगळ्या मेंढरांस्नी शिंकऱ्यानं भिजवलं व्हतं.”

हनुमंतनं ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळं तो रोल भरत बसला होता. मी मात्र त्या दिवशी तिला दोन वेळा चहा पाजून सगळं ऐकलं.

आता मुद्द्याचं सांगतो. अख्ख्या दौंड-शिरूर भागातल्या माणसांचे फोटो काढणाऱ्या हनुमंतकडं स्वतःच्या आईचा एकही फोटो नव्हता. ती काढूच देत नव्हती. त्याला कारण होतं. स्टुडिओ टाकला तेव्हा हनुमंतनं हौसेनं पहिला फोटो वडलांचा काढला. पागोटं घालून, सरळ बसवून, मान खाली करायला लावून. फोटो फार चांगला आला. दोन महिन्यांत रखमाजी तापानं गेले आणि तोच फोटो चौकटीत घालून भिंतीवर गेला, वर हार. तेव्हापासून कुशाबाईचं आणि कॅमेऱ्याचं बिनसलं.

त्यात स्टुडिओत बसून ती बघायची ते वेगळंच. घरातली माणसं म्हाताऱ्याला रिक्षात घालून आणायची आणि म्हणायची, एक फोटो काढून ठेवा, असू द्या जवळ. म्हाताऱ्याला कळायचं, सुनेला कळायचं, हनुमंतला तर कळायचंच. तो छातीपर्यंतचा, समोर बघणारा, चौकटीच्या मापाचा फोटो काढून द्यायचा. कोपऱ्यातून कुशाबाई बोलायची, “जित्या मानसाचं माप घेत्यात बघ.” गिऱ्हाईक असायचं समोर. हनुमंतला घाम फुटायचा.

दोन हजार एक सालच्या हिवाळ्यात हनुमंतच्या पडद्याला उंदरांनी खालून कुरतडलं. एक बदक पूर्ण गेलं. हनुमंत माझ्या दुकानात येऊन कटिंगच्या टेबलावर बसला आणि म्हणाला, “साहेबराव, आपुन कोकणात जाऊ. खऱ्या समुद्राचा फोटू काढून आणू आन् पुण्याच्या लॅबमदी भिंतीएवढा मोठा करून घिऊ. आयेला पण न्यायचं.”

“मावशी कशाला? खडकावरून पाय घसरला तर?”

त्यानं मधल्या भिंतीकडं बघून आवाज खाली घेतला. “पडदा गेला खड्ड्यात. मला आयेचा फोटू पायजे. तिथं तरी काढू दील. हितं तर जलमात न्हाई.”

तो असा कधी बोलायचा नाही. त्याचं तोंड उतरलं होतं, आणि उतरलेल्या तोंडाचा हनुमंत मला बघवत नाही. मी मशीनवर खोळ टाकली.

खंडू ड्रायव्हरची ट्रॅक्स गाडी ठरवली. साधनानं बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि स्टुडिओ स्वतःकडं घेतला. पासपोर्ट फोटो ती नवऱ्यापेक्षा बरे काढायची, पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. हनुमंतनं पिशवीत कॅमेरा घेतला, स्टँड घेतलं, रोल घेतले आणि सवयीनं कोटही घेतला. समुद्राला कोट कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, असू दे.

वरंध्याच्या घाटात गाडी शिरली. कुशाबाई पुढच्या सीटवर बसून खंडूला रस्ता सांगत होती. रस्ता डांबरी आणि एकच, चुकायला वावच नव्हता, तरी ती सांगत होती. “हितं रातच्याला आमचा मेंढरांचा वाडा बसायचा. हितं वाघरू आलं व्हतं. हितं माझी सासू रुसून बसली व्हती.” प्रत्येक वळणाला हनुमंत मागून हळूच कॅमेरा वर करायचा आणि प्रत्येक वेळी ती मागं न बघता पदर तोंडावर ओढायची. मला तर वाटतं तिला कॅमेऱ्याचा वास यायचा.

महाडला जेवलो, म्हसळ्यावरून पुढं गेलो आणि श्रीवर्धनच्या अलीकडं एका चढावर गाडी आली तर समोर एकदम समुद्र. खंडूनं गाडीच थांबवली. आम्ही तिघं पुरुष खाली उतरलो. एवढं पाणी आणि त्यातला एक थेंबही उसाला चालायचं नाही, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. हनुमंत स्टँड लावून कॅमेऱ्यात डोळा घालून उभा राहिला. राहिला तो राहिलाच. मग डोकं बाहेर काढून म्हणाला, “कोन उभं ऱ्हातंय?”

“कुठं?”

“म्होरं. मानूस नसलं तर माजा हात चालत न्हाई. रोल वाया जातुया आसं वाटतं.”

झालं. तो निघाला होता रिकाम्या समुद्राचा फोटो काढायला, आणि माणसाशिवाय त्याचं बोट बटणावर पडेना. श्रीवर्धनपासून वर दिवेआगरच्या बाजूला निघालो. तो सगळा काठ खडकाळ. काळे, धारदार, भोकाभोकाचे दगड आणि त्यांच्यावर आपटणारं पाणी. प्रत्येक ठिकाणी हनुमंत उतरायचा, बघायचा आणि मला समोर उभा करायचा. मी कंटाळलो की खंडू. खंडू कंटाळला की जाळं विणणारा एखादा कोळी. त्या कोळ्यांना कोटाचं फार कौतुक वाटलं. वर कोट, कमरेला रुमाल, मागं लाटा, आणि हनुमंत ओरडतोय, मान खाली, हसू नका. एका म्हाताऱ्या कोळ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, यांच्याकडं कुणी वारलंय का.

कुशाबाईचं लक्ष मात्र शिंकऱ्यावर. दिसेल त्याला ती विचारायची, “बाबा, हितं शिंकणारा खडक कुठं हाय?” लोक हसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही एवढे खडक पाहिले की मला सगळे सारखेच दिसायला लागले. कपडे खाऱ्या हवेनं अंगाला चिकटले होते, बुटात वाळू होती आणि मी मनातल्या मनात पडदा रंगवणाऱ्या पेंटरची माफी मागत होतो. त्याचा समुद्र कितीतरी सोयीचा होता. मग एका वळणावर कुशाबाई चालत्या गाडीत उठून उभी राहिली. उतारावर एक वाकडं उंडीचं झाड होतं आणि त्याच्या बुडाशी दगडानं बांधलेला गोड्या पाण्याचा झरा.

“हितंच पानी प्यायचो,” ती म्हणाली आणि आम्ही हात द्यायच्या आत खाली उतरायला लागली.

खडक होता. मध्ये भोकही होतं, माणसाचं डोकं जाईल एवढं. पण तो शिंकत नव्हता. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. कुशाबाईनं भोकात वाकून पाहिलं, हात घालून पाहिला आणि खडकाला दोन थापा मारल्या. मग त्याच्या काठावर मांडी घालून बसली. तिच्या चेहऱ्यावर मी आजवर पाहिला नव्हता असा थकवा होता. तिला माहेर भेटल्यासारखं झालं होतं आणि माहेर बोलत नव्हतं.

हनुमंतनं हळूच स्टँड लावलं. कॅमेऱ्याच्या बटणाला त्यानं तार जोडली, तिचं टोक हातात धरलं. मी शर्ट धुऊन दगडावर वाळत टाकला होता. बनियनवर वारा लागायला लागला, म्हणून पिशवीतला कोट घातला आणि बाजूला उभा राहिलो. कुशाबाईनं समुद्राकडं बघतच विचारलं, “माजा फोटू काढायला आनलंस न्हवं मला?”

हनुमंत कॅमेऱ्यात डोळा घालून वाकला.

“बोल की.”

“व्हय,” तो म्हणाला. “मला पायजे, आये. समद्या दुनियेचा काढतुया मी. तुजाच न्हाई माज्याकडं.” तो तारेचं टोक उगाच पुसत होता.

कुशाबाईनं पदर सावरला. मग वळून बसली. “काढ. पन हार घालता यील तसला न्हाई. एकलं मानूस, छातीपस्तोर, सरळ बघतंया, तसला न्हाई. हार घालाया गेलं तर कुटं घालावा त्ये कळूच नये, आसा काढ. तसा यितो का तुला?”

आता पंचाईत हनुमंतची. दहा वर्षं त्यानं एकच फोटो काढला होता, फक्त माणसं बदलत होती. तो सवयीनं म्हणाला, “जरा सरळ बस. हात मांडीवर.” ती म्हणाली, “आला हार.” त्यानं बाजूनं घेतो म्हटलं. ती म्हणाली, “नाण्यावरचा राजा हाय का मी?” त्यानं उभी राहा म्हटलं. ती उभी राहिली, पण त्यानं “मान खाली” म्हटलं आणि ती पुन्हा बसली. असं बराच वेळ चाललं. खंडू वर झाडाखाली पोट धरून हसत होता. पाणी केव्हा जवळ आलं ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. दौंडच्या माणसाला पाणी येतं ते पाटातून, सांगून येतं.

“आये, आता शेवटचं सांगतो,” हनुमंत काकुळतीला येऊन म्हणाला, “नुसती बस. हसू नको—”

आणि शिंकऱ्या शिंकला.

आधी खालून गुरगुर आली, मग भोकातून पाण्याचा खांब असा काही वर गेला की आभाळ दिसेना. मी कोट सावरत पळालो. मागं न बघता पळालो, हे कबूल करतो. पाणी डोक्यावर कोसळलं, कानात गेलं, तोंडात गेलं. आणि त्या सगळ्या गोंधळात मला कुशाबाईचं हसणं ऐकू आलं. मोकळं, मोठ्यानं, मेंढरं हाकणाऱ्या बाईचं हसणं. वळून पाहिलं तर पदर खांद्यावर पडलेला, दात मोजकेच, दोन्ही हात वर. “आलास का रं मुडद्या,” ती खडकाला म्हणत होती, “वळखलंस का मला.”

हनुमंत ओलाचिंब होऊन तार धरून उभा होता. दचकून त्याच्या हातून बटण दाबलं गेलं होतं. किंवा नव्हतं. त्याचं त्यालाच सांगता येईना. कॅमेऱ्यातून पाणी गळत होतं.

येताना गाडीत तो रोल त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी धरला होता. कुशाबाई मात्र तृप्त होऊन झोपली. पुण्यात लॅबच्या बाकड्यावर आम्ही शाळेचा निकाल लागायचा असल्यासारखे बसलो. बरेच फोटो पाण्यानं गेले. माझे, खंडूचे आणि कोळ्यांचे थोडे वाचले, सगळ्यांच्या माना खाली. आणि शेवटी तो आला. काळा खडक, पंख्यासारखं पसरलेलं पांढरं पाणी, मागं लांबपर्यंत समुद्र, आणि डाव्या बाजूला डोळे मिटून, तोंड उघडून हसणारी कुशाबाई. हनुमंत फोटोकडं बघत रडला आणि रडता रडता खो खो हसायला लागला. कारण उजव्या बाजूला मी होतो. पळणारी माझी पाठ, उघडा कोट, वाऱ्यावर उडणाऱ्या नाड्या आणि आत टेलरचा फाटका बनियन.

मी म्हटलं, मला कापून टाक. तो म्हणाला, “कापला तर एकलीच ऱ्हाती ती. मग हार घालता यील.”

लॅबवाल्यानं तो चार पट्ट्यांत भिंतीएवढा करून दिला. मी त्या पट्ट्या मांजरपाटाच्या कापडावर चिकटवून, कडा शिवून पडदा केला. स्वतःची बदनामी स्वतःच्या हातानं शिवणारा शिंपी माझ्या माहितीत दुसरा नाही. गिऱ्हाइकांना कोटाची पाठ कळली आणि आठवडाभर मला रस्त्यानं जाता येईना. पण पोरं त्या पडद्यासमोर उभी राहिली की आपोआप हसायची. हनुमंतचं ‘हसू नका’ कुणी ऐकेना. बिहारच्या एका पोराच्या आईनं निरोप पाठवला, कोट चांगला आहे, पण ती शेजारची आजी कोण, तिला नमस्कार सांग. कुशाबाईनं तो नमस्कार ऐटीत घेतला. पुढं ती शिक्रापूरला आली की पडद्यासमोर खुर्ची टाकून बसायची, आणि पोरं म्हणायची, दोन्ही आजींबरोबर काढा.

दोन हजार आठ साली ती खुटबावला झोपेतच गेली. सत्तरीला आली होती, आदल्या दिवसापर्यंत मेंढ्यांना पाला घालत होती. मी फार रडलो. माझ्या आईनंतर मला कुणी अधिकारानं हाक मारली असेल तर तिनंच, ‘आरं टेलर’ म्हणून.

तेराव्याला आण्णानं यवतहून झेंडूचा जाड हार आणला होता. चौरंग मांडलेला, उदबत्ती लावलेली. “फोटू आन, हनमा,” तो म्हणाला. हनुमंत पडद्याची गुंडाळी खांद्यावर टाकून आला. आम्ही दोघांनी ती अंगणातल्या दोन लिंबांच्या मध्ये बांधली. पाहुणे बघत राहिले. आण्णा दोन्ही हातांत हार घेऊन पडद्यासमोर उभा राहिला. डावीकडं गेला, तिथं आईचे हात वर. मध्ये आला, तिथं नुसतं पाणी. उजवीकडं आला आणि थबकला.

“आता टेलरच्या पाठीवर घालू का?” तो म्हणाला.

आधी साधनाला हसू फुटलं, मग बायांना, मग सगळ्या मांडवाला. तेराव्याचं जेवण राहिलं बाजूला, लोक डोळे पुसत होते आणि हसत होते, आणि कोण कशानं डोळे पुसतंय ते कळत नव्हतं. हनुमंतनं गळ्यातला कॅमेरा वर केला. सगळे पडद्यापुढं गोळा झाले. मी वाट पाहिली, पण तो मान खाली म्हणाला नाही, हसू नका म्हणाला नाही. नुसता फोटो काढला.

आण्णानं हार नाइलाजानं दावणीच्या खांबाला अडकवला होता. आम्ही जेवायला बसलो तेव्हा कुशाबाईची म्हातारी मेंढी मान वर करून त्यातला झेंडू एकेक करून खात होती. सगळ्यांनी पाहिलं. तिला कुणी हाकललं नाही.